वही कोणाची, वावर कोणाचं?

(सावनेर इथे तालुक्यातल्या महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज मला बोलायला विषय दिला आहे, 'शेतकरी स्त्रिया आणि व्यवस्थापनाचं शिक्षण'. विषयाचं नाव ऐकल्यावर मागे बसलेल्या एक काकू शेजारणीच्या कानात बोलल्या, ते मला इथपर्यंत ऐकू आलं. "मॅनेजमेंट म्हंजे पोट्टे नागपूरले जाऊन टाय लावून शिकते, ते ना? आपल्याले कायले पायजे ते?" काकू, संकोचू नका. हाच प्रश्न मीही स्वतःला विचारला होता, त्यामुळे मी तिथूनच सुरुवात करते.

आपल्या सावनेर तालुक्यात घराघरांत काय दिसतं? कोणाचा नवरा कोळशाच्या खाणीत ठेकेदाराकडे, कोणाचा खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कोणाचा रोज गाडीने नागपूरला. शेती कोणाच्या अंगावर आहे? उद्या निंदणाला किती बाया लागतील हे कोण ठरवतं? संध्याकाळी स्वयंपाक टाकून घरोघरी बाया सांगायला कोण जातं? कोणती बाई कामाला चोख, कोणाला आज अर्धी मजुरी आगाऊ दिल्याशिवाय तिची चूल पेटणार नाही, हे कोणाला ठाऊक असतं? घरातलं बियाणं कोण राखतं, शेळीचं दुखणं आधी कोणाच्या लक्षात येतं? पगारी माणसाने हीच कामं कारखान्यात केली तर त्याला व्यवस्थापक म्हणतात. आपण केली तर म्हणतात, 'ती घरीच असते.'

म्हणजे व्यवस्थापन आपण करतोच आहोत. मग शिकायचं काय, हा खरा प्रश्न आहे.

देशात खेड्यातल्या कामकरी स्त्रियांपैकी दर चौघींमागे तिघी शेतीत राबतात. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेत स्त्रियांच्या नावे असलेली वहितीखातीं शंभरात चौदाच्या आसपास निघाली. काम करणाऱ्या किती आणि खातेदार किती, हे अंतर मनात ठेवा. आज मी जे काही सांगणार आहे ते सगळं या अंतराविषयीच आहे.

पहिला वर्ग फसला

मी समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलं. तिथे आम्हाला व्यवस्थापन हा विषय होता, पण तो संस्थेचा कारभार कसा चालवावा यासाठी. खेड्यातल्या बाईचा उल्लेख आला की तो 'लाभार्थी' म्हणून. त्यामुळे गटातल्या बायांसाठी शेतीच्या हिशोबाचा वर्ग सुरू करायचं ठरलं, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. आणि म्हटलं, सांगा, मागच्या हंगामात एका एकर कपाशीला काय खर्च आला?

कोणी बोलेना. मला वाटलं, बायांना लिहिता येत नाही म्हणून लाजताहेत. शेवटी एकीने तोंड उघडलं. "ताई, खताच्या किती थैल्या टाकल्या ते मले मालूम हाय. केवढ्याच्या होत्या ते यायले मालूम."

या एका वाक्याने मला जे शिकवलं ते पुस्तकातून मिळालं नव्हतं. किती थैल्या, किती फवारे, किती दिवस, किती ओझी, हे बाईजवळ आहे. भाव, उधारी, व्याज, चुकारा, हे पुरुषाजवळ आहे. एका घरातल्या शेतीचं ज्ञान असं मधोमध चिरलेलं आहे. तिच्याजवळच्या आकड्यांना किंमत जोडलेली नाही, म्हणून तिच्या कामालाही किंमत नाही. अडचण लिहिता-वाचता न येण्याची नव्हती. दुकानात, बँकेत, बाजार समितीत तिने जाण्याची पद्धतच नव्हती, ही अडचण होती.

म्हणून दुसरा वर्ग आम्ही फळ्यासमोर घेतलाच नाही. पाचसात जणी मिळून कृषी सेवा केंद्रात गेलो आणि भाव विचारून आलो. दुकानदाराने आधी विचारलं, "घरचे कोणी नाई आले काय?" एका काकूंनी उत्तर दिलं, "आमीच घरचे आहोत."

एका एकराचा हिशोब

त्यातूनच पुढे एकीची वही भरली. कोरडवाहू कपाशी, एक एकर. तिच्या परवानगीने तो हिशोब तुमच्यासमोर मांडते.

बियाणं १,८०० रुपये. खत ४,२००. फवारणीची औषधं ३,५००. नांगरणी, वखरणी, डवरणी मिळून ३,५००. मजुरीने केलेलं निंदण ३,०००. मजुरीची वेचणी ४,०००. गाडीभाडं १,०००. एकूण २१,००० रुपये. कापूस झाला सहा क्विंटल, सात हजारांच्या भावाने ४२,००० आले. म्हणजे हातात राहिले २१,०००. नवरा म्हणाला, दुप्पट झाले, आणखी काय पाहिजे?

मग आम्ही तिला विचारलं, तुझे दिवस किती? तिला हा प्रश्नच कळेना. मग एकेक काम आठवत गेलो. टोबणी, खाडे भरणं, निंदण, खत देणं, फवारणीसाठी विहिरीवरून पाणी आणून देणं, दोन क्विंटल कापूस तिने स्वतः वेचला तो, शेवटी पऱ्हाट्या उपटणं. चौतीस दिवस भरले. बाईची मजुरी तीनशे धरली तर १०,२००. नवऱ्याचे पंधरा दिवस, पुरुषाची मजुरी पाचशे, म्हणजे ७,५००. दोघांचे १७,७०० वजा केले तर उरले ३,३००. आणि तेच वावर ठोक्याने दिलं असतं तर घरबसल्या १०,००० मिळाले असते. तेही धरले तर ६,७०० रुपयांचा तोटा.

ती बाई बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे हे वावर माह्या मजुरीवर चालते. आन मजुरी कोणी देतच नाई."

मैत्रिणींनो, तिने सहज जे म्हटलं तेच सरकारी हिशोबातही आहे. हमीभावाची शिफारस करणारा कृषी खर्च व मूल्य आयोग खर्च तीन प्रकारे मोजतो. खिशातून गेलेला खर्च तो 'ए-टू'. त्यात घरच्या माणसांच्या बिनपगारी श्रमाची किंमत मिळवली की 'ए-टू अधिक एफएल'. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचं व्याजही धरलं की 'सी-टू'. डॉ. स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने खर्चावर निदान पन्नास टक्के जास्त भाव द्यावा असं म्हटलं, तेव्हापासून खर्च म्हणजे यातला कोणता, हा वाद चालू आहे. शेतकऱ्यांच्या मोर्चांत 'सी-टू'ची मागणी होते आणि ती रास्तच आहे. पण मधला तो 'एफएल', कुटुंबाचे श्रम, त्यात बव्हंशी आपले हात आहेत. दिल्लीच्या कागदावर निदान त्याला एक रकाना आहे. आपल्या घरातल्या हिशोबात तोही नाही. आणि पाहा, त्या रकान्यातही बाईच्या दिवसाची किंमत पुरुषाच्या दिवसापेक्षा कमीच धरावी लागली, कारण गावातला दरच तसा. समान कामाला समान मजुरी हा प्रश्न आपल्याच वहीत येऊन उभा राहतो.

संत्री आणि शेळ्या

ज्यांच्याकडे संत्र्याचा बगीचा आहे त्यांची गोष्ट आणखी वेगळी. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक झालं. पण बगीच्याचा सौदा कसा होतो? आंबिया बहाराची फळं झाडावर असतानाच बेपारी येतो, बगीचा नजरेने पाहतो, उक्ता भाव ठरवतो आणि इसार देऊन जातो. बोलणी तोंडी. वर्षभर झाडांना पाणी कोणी दिलं, गळ किती झाली, कोणत्या ओळीतली फळं चांगली, हे जिला माहीत ती सौद्याच्या बैठकीत फक्त चहा घेऊन येते. पुढे बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवलं की इथला भाव पडतो आणि इसार देऊन गेलेला बेपारी फिरकत नाही. ढाक्याच्या निर्णयाचा फटका सावनेरच्या बाईच्या डब्यातल्या पैशाला बसतो. बाजार म्हणजे काय, हे तिला कळायला नको का?

शेळ्यांचं त्याहून सोपं. शेळी बाईची, चारा-पाणी बाईचं. पण दारावर येणारा खाटीक पाठीवरून हात फिरवून किंमत सांगणार, आणि घरात आजारपण किंवा शाळेची फी निघाली की ती त्याच किंमतीला देणार. एका गटाने टांगता काटा विकत घेतला. आता त्या गावात बोकड वजन केल्याशिवाय दावणीतून सुटत नाही. व्यवस्थापनाचं शिक्षण म्हणजे मला विचाराल तर तो टांगता काटा.

माझी चूक

आता एक कबुली द्यायची आहे. कार्यकर्त्या म्हणून आपण आपल्या यशाच्या गोष्टी फार सांगतो.

आमच्या वर्गातली एक बाई हुशार होती. तिने तीन महिने नेटाने वही ठेवली. खर्च आणि जमा जुळेना, म्हणून तिने खोदून विचारलं आणि नवऱ्याने खाजगी सावकाराकडून तिला न सांगता कर्ज काढलेलं बाहेर आलं. त्या रात्री तिला मार बसला आणि वही चुलीत गेली. दुसऱ्या दिवशी ती वर्गाला आली नाही. मी चार दिवसांनी तिच्या घरी गेले. चार दिवस का लागले, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

ती मला म्हणाली, "ताई, तुमी हिशोब शिकवला. हिशोब निघाल्यावर काय करायचं ते नाई शिकवलं."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. हिशोब ही निरुपद्रवी गोष्ट आहे असं समजून मी तो शिकवत होते. घरात पैशाचा प्रश्न विचारणं म्हणजे सत्तेचा प्रश्न विचारणं आहे, हे स्त्रीमुक्तीच्या शिबिरात शंभरदा म्हणूनही मला वर्गात दिसलं नव्हतं. आता आम्ही दोन गोष्टी बदलल्या आहेत. एक, वही एकटीची नसते. प्रत्येकीच्या वहीची एक प्रत गटात असते आणि महिन्यातून एकदा सगळ्या जणी ती मिळून वाचतात. दोन, वर्ग सुरू करण्याआधी गटाने ठरवायचं की कोणावर हात उगारला गेला तर त्याच दिवशी तिच्या दारात कोण कोण जाणार. आणि घरच्या पुरुषांनाही आम्ही एका बैठकीला बोलावतो. सगळे येत नाहीत. जे येतात त्यांच्यातले काही कर्जाच्या ओझ्याने स्वतःच पिचलेले असतात आणि बायकोला सांगायची त्यांना लाज वाटत असते. हेही समजून घेतलं पाहिजे. विदर्भात ते ओझं एकट्याने वाहता वाहता किती जणांनी जीव दिला, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि तो गेल्यावर मागे राहिलेल्या बाईच्या हातात काय येतं? महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या ४० टक्के स्त्रियांना त्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. कर्ज किती, कोणाचं, कागद कुठे, हे नवरा असताना कळणं ही तिच्यासाठी जगण्याची बाब आहे.

दोन आक्षेप

आपल्याच मैत्रिणी या कामावर दोन आक्षेप घेतात. पहिला असा की, बायांना धंदा शिकवून तुम्ही त्यांना बाजाराच्या दावणीला बांधता, आणि धोरणं चुकीची असताना दोष मात्र 'तुला नियोजन जमलं नाही' म्हणून तिच्या माथी मारता. या आक्षेपात तथ्य आहे. भाव पडला, पाऊस गेला, ते कोणत्याही वहीने भरून निघत नाही. पण ती बाजारात आधीपासूनच आहे, फक्त डोळ्यांवर पट्टी बांधून. आणि ज्या बाईने तोटा स्वतः मांडून पाहिला, तीच हमीभावाच्या मोर्चात आकड्यानिशी बोलू शकते.

असे प्रयत्न इतरत्र झाले आहेत. अमेरिकेत इलिनॉय राज्यात रूथ हॅम्बल्टन या कृषी विस्तार कार्यकर्तीने २००३ मध्ये शेतकरी स्त्रियांसाठी वर्ग सुरू केले. त्यांच्या आईचं नाव ॲनी. तिने शेतकऱ्याशी लग्न केलं आणि आयुष्यभर शेतीचे हिशोब नीट ठेवून संसार तारला. तिच्या नावाने चालणाऱ्या या वर्गांत पाच प्रकारचे धोके शिकवतात: पिकाचा, बाजाराचा, पैशाचा, कायद्याचा आणि माणसांचा. शेकडो एकरांची शेती आणि गुरांचे मोठे कळप असलेल्या देशातही बाईला वेगळा वर्ग लागतो, कारण मिश्र सभेत प्रश्न विचारायला ती तिथेही कचरते.

आपल्याकडे साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांच्यासोबतच्या स्त्रियांनी बँक काढायचं ठरवलं. अर्जावर अंगठे आहेत म्हणून तो नाकारला गेला. त्या बाया लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. २००६ मध्ये त्यांनी ग्रामीण स्त्रियांसाठी उद्योगाची शाळा काढली आणि पुढे ती बसमध्ये घालून गावोगाव नेली. मराठवाड्यात १९९३ च्या भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या कामातून स्वयम् शिक्षण प्रयोगाच्या स्त्रियांनी घरच्यांकडे अर्धा-एक एकर मागून घेतला आणि त्यात काय पेरायचं ते स्वतः ठरवलं. धान्य, डाळी, भाजी आधी घरच्या ताटासाठी, उरेल ते बाजाराला. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. बाजाराच्या दावणीला बांधून न घेता शहाणपणाने शेती करता येते, हे त्यांनी दाखवलं.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सातबारावर नाव नसताना व्यवस्थापन शिकून उपयोग काय? ज्या बाईचा हिशोब मी मांडला तिने ठरवलं होतं की पुढच्या वर्षी कपाशी कमी करून तूर आणि भाजी घ्यायची. पण जमीन सासऱ्याच्या नावे, पीककर्ज सासऱ्याच्या नावे, आणि दुकानाची उधारी नवऱ्याच्या नावे. उधारी देणारा जे बियाणं देईल तेच पेरायचं. आता तर शेतकरी ओळख क्रमांकही जमिनीच्या नोंदीवरून मिळतो. ज्या बाईचं नाव उताऱ्यावर नाही ती संगणकाच्या लेखी शेतकरीच नाही.

म्हणून वहीबरोबर सातबाराही शिकवला पाहिजे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी स्त्रियांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी स्वखुशीने बायकोच्या नावे जमीन केली. पतीच्या अर्जावरून सातबारावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय १९९२ पासून शासनाने केली आहे. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने हिंदू वारसा कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तो तिला जन्मतःच आहे, २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. आणि आपण काय करतो? भावाच्या घरची साडीचोळी बंद होईल म्हणून हक्कसोडपत्रावर सही करून येतो. ती सही करण्याआधी एकरी किंमत तरी मांडून पाहा. आपण किती लाखांची साडी घेतली ते कळेल.

काय करायचं?

डॉ. स्वामीनाथन यांनी २०१२ मध्ये राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं विधेयक मांडलं होतं. जमीन नावावर असो वा नसो, शेती करणाऱ्या स्त्रीला ग्रामपंचायतीने शेतकरी असल्याचं प्रमाणपत्र द्यावं, अशी त्यात तरतूद होती. ते विधेयक मंजूर न होताच बाद झालं. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलं. वर्षं जाहीर होतात आणि सरतात. आपल्या पदरात काय पडलं ते आपणच पाहायचं असतं.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. एक, प्रत्येक गटात या खरिपापासून निदान पाच जणींनी वही ठेवावी, आणि तिच्यात पहिला रकाना 'माझे दिवस' हा असावा. दुसरी, दुकान, बँक, बाजार समिती, तलाठी कार्यालय, या चार ठिकाणी गटाने मिळून जावं, म्हणजे पुढच्या वेळी एकटीला भीती वाटणार नाही. तिसरी, ग्रामसभेत शेती करणाऱ्या स्त्रियांची यादी मांडून ती इतिवृत्तात लिहून घ्यावी, कायदा होईल तेव्हा होईल. चौथी, माविम आणि उमेदच्या प्रशिक्षणांत लोणची-पापडांच्या पुढे जाऊन शेतीचा पूर्ण हिशोब शिकवा, ही मागणी आपण सगळ्या गटांनी मिळून लावून धरावी. लोणच्याला मी कमी लेखत नाही. पण चार एकर वावर चालवणाऱ्या बाईला फक्त बरणी दाखवणं हा तिचा अपमान आहे.

जिची वही चुलीत गेली ती बाई आज या सभेत आहे. ती कुठे बसली आहे ते मी सांगणार नाही. सहा महिन्यांनी ती नवी वही घेऊन परत आली. पहिल्या पानावर तिने नवऱ्याचं सगळं कर्ज लिहिलं होतं, त्याच्याच तोंडून ऐकून. आणि त्याखाली लिहिलं होतं, 'माझे दिवस'.

काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिने दिलं आहे, असं मला वाटतं. एवढं बोलून थांबते. आता तुम्ही बोला.